एक थेंब

गांधीबागेतल्या त्या पोराने
पांढऱ्या मशीनवरचं प्लास्टिकही काढलं नव्हतं.
एकवीस टाके, ताई, नुसत्या बटणावर.
मी पर्समधून तीन चिंध्या काढल्या:
गौतमीच्या जुन्या जीन्सची पायघोळ,
मलमलीची पट्टी,
आणि आईच्या लुगड्याचा एक तुकडा,
जिथे ते विरत आलं होतं.
यावर चालवून दाखव.

जीन्सच्या शिवणीवर, जिथे दोन पदरांचे सहा होतात,
तिला उचकी लागली.
लुगडं तर तिने खाली ओढून चघळलंच.
कपडाच खराब आहे तुमचा, पोरगा म्हणाला.
खराब आहे म्हणून तर शिवायचा ना, बापू.

चिंध्यांची युक्ती निनावेकाकांची.
गोळीबार चौकातले माग एकेक करून गप्प झाले
तेव्हा ते मशीनदुरुस्तीला लागले
आणि मी नर्सिंगला.
इतवारीच्या बोळात त्यांनी एका काळ्या, बिडाच्या मशीनचा पट्टा काढला,
कंपनीचं नाव पाहिलं नाही,
डोळे मिटून चाक एका बोटाने फिरवलं.
"हे खोकत नाई. घेऊन टाका."
रिक्षात ती माझ्या मांडीवर.
सोनेरी वेल निम्मीच उरलेली,
जिथे आधीच्या कुणाचा तरी हात रोज टेकत असेल.

पहिल्या वर्षीच्या चुका सांगते.
तेल संपलं म्हणून खोबरेल घातलं.
पौषात जे बाटलीत झालं
तेच तिच्या पोटात झालं.
चाक हलेना. आधी जोर लावला, मग देवाला हाक,
मग काकांना फोन.
ते आले मफलर बांधून, रॉकेलची बाटली घेऊन,
अर्धा दिवस एक शब्द बोलले नाहीत.
जाताना म्हणाले,
"डोक्याले लावा जी ते. हिले नका लावू."

उन्हाळ्यात तिला कूलरसमोर ठेवलं,
मला गार, तिला गार.
मे संपेस्तोवर सुईच्या दांड्यावर तांबूस पुरळ.
आता ती आतल्या खोलीत आणि मी घामाघूम.
सेहेचाळीस अंश:
सुई धरायला बोटं ओली,
धागा ओवायला जीभ कोरडी.

आणि सुई बदला.
वॉर्डात मी एका रोग्याला एक सुई वापरून फेकते,
घरी तीच सुई आठ महिने.
टकटक थांबून थपथप सुरू झाली
की समजा, ती आता भोक पाडत नाही,
नुसती ढकलते.

महिन्यातून एका रविवारी दात्यांवरची पट्टी काढते.
दोन स्क्रू. ते बशीत, बशी मांडीजवळ,
कारण एकदा एक फरशीवर पडला
तो अजून पडतोच आहे.
दात्यांमध्ये तूस साचून नमदा झालेला.
जुन्या टूथब्रशने थर निघतात:
निळा, शेजारच्या पोरांचे शाळेचे शर्ट.
मेंदी रंगाचा, परातेबाईंच्या सुनेचे सहा ब्लाउज, सहाही उसवून पुन्हा.
त्याखाली पांढरा, फार पातळ.
तो कशाचा ते मला माहीत आहे.
तो ब्रशनेच काढते, फुंकत नाही.
फुंकू नये, असं काकाही सांगतात,
ओल आत जाते.

मग तेल. प्रत्येक भोकात एक थेंब.
दुसरा टाकायचा मोह होतो, तेव्हा बाटली उभी करायची.

मग धाग्याविना चालवते,
विजेच्या बिलाच्या पाठीवर,
जादा तेल कागद पिऊन घेईस्तोवर.
ती भोकांची रांग खिडकीशी धरून पाहते.
सरळ आहे.
शेवटी जराशी डावीकडे जाते.
ते तिचं नाही, माझं.