गुरुवारचा वर्ग, ग्रिम्सबी

चर्चमागच्या खोलीत हीटर नुसताच खडखडतो.
कोट न काढताच बसतात सगळे.
मी फळ्यावर दोन-दोन शब्द लिहिते,
मध्ये एक उभी रेघ.

शेड आणि शॅडो.
"झाडाची असते ती शेड," नूरिया म्हणते,
"मागे लागते ती शॅडो."
तीस वर्षं शिकवतेय. इतकं सोपं मला सुचलं नव्हतं.

कोस्ट आणि शोअर.
हे मला वडिलांनी शिकवलं. ट्रॉलरवर होते ते.
जमिनीवरून पाहिला तर कोस्ट,
पाण्यावरून पाहिला तर शोअर;
किनारा तोच,
तुमचे पाय कुठे आहेत त्यावर नाव.
तेस्फालेम वहीत काही लिहीत नाही.
"तीन रात्री बोटीत होतो. शोअर दिसला नाही.
दिवे दिसले. नुसत्या दिव्यांना काय म्हणतात?"

नाही माहीत मला.

वर्ग सुटल्यावर तो खिशातून फॉर्म काढतो,
चार घड्या घातलेला.
भावाचं नाव. जन्मसाल. डाव्या भुवईवर व्रण.
मग एक रिकामी ओळ.
"टीचर, इथे लॉस्ट लिहू की मिसिंग?"

किल्ली लॉस्ट, छत्री लॉस्ट, असं काहीतरी
सांगायला मी तोंड उघडते
आणि तसंच मिटते.

गोदीजवळच्या भिंतीवर एक पितळी पाटी आहे.
अकरा नावं, वरून सातवं वडिलांचं,
वर कोरलेलं: लॉस्ट ॲट सी.
पण त्याआधी नऊ आठवडे
पेपरात मिसिंग छापून येत होतं,
आणि ते नऊ आठवडे आई रोज
चौघांचे बटाटे सोलत होती.
शब्द बदलला त्या संध्याकाळी
तिने तिघांचे सोलले.
समुद्रात तेव्हा काहीच हललं नसणार.

हे याला कसं सांगू?
भूतकाळाचा धडा अजून व्हायचाय.

"मिसिंग लिही," मी म्हणते. "दोन एस."
तो सावकाश लिहितो, जीभ दातांत धरून.
दुसरा एस ओळीखाली घसरतो.
"म्हणजे मी त्याला मिस करतो ना,
तेच हे?"

व्याकरणाच्या पुस्तकात ते दोन वेगळ्या पानांवर आहेत.
"हो," मी म्हणते, "तेच."
आणि हीटर बंद करायला उठते,
जो चालूच नव्हता.