डावा कान

मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये दर मंगळवारी
क्लाइव्ह ॲकरॉइड आम्हां अकरा जणांना बजावतो :
कुत्रा पुढे गेला की संपलं.
जो पुढे, तो मालक.
तुमच्या गुडघ्याला त्याचा खांदा, बस्स,
त्यापुढे इंचभरही नाही.

आम्ही गोल फिरतो. फरशीवर खडूच्या रेघा.
खिशात उकडलेल्या चिकनचे तुकडे, बोटांना तोच वास.
मॉरिस माझ्या गुडघ्याशी चालतो,
ओळख नसलेल्या पंगतीत बसवलेल्या पाहुण्यासारखा
मुकाट, मान खाली,
लोक कधी उठतायत याची वाट बघत.

बाहेर पडलो की
ब्रिज स्ट्रीटच्या कोपऱ्यापर्यंतही धीर नाही.
दोरी ताणते. आधी माझा खांदा जातो, मग मी.
ऑटलीतला नोव्हेंबर, पावणेचारलाच दिवे,
ओली पानं, चिप्सच्या दुकानातून व्हिनेगरची वाफ,
आणि पुढे त्याचं ते बदामी, बिनमहत्त्वाचं ढुंगण
सरकारी कामाला निघाल्यासारखं.

मला मराठीत हसू येतं.
पुढे पुढे करू नकोस, आई म्हणायची.
जरा मागेपुढे बघत जा, मामा म्हणायचे.
मग उपरण्याच्या गाठीला बांधलेली
मी सात पावलं मागून चालले,
आणि नंतर तेवीस वर्षं,
विमानतळांवरून, सुपरमार्केटांतून,
गर्दीत एका कोटाची पाठ शोधत.
त्या पाठीनं कधी वळून पाहिलंच नाही, असं नाही.
पार्किंगचं तिकीट माझ्याकडे असायचं.

क्लाइव्हला यातलं काय सांगणार?
तो विचारतो, तुमच्यात साहेब कोण?
मी म्हणते, दोरी माझ्याकडे, वास त्याच्याकडे.
तो हसत नाही.
वहीत ‘मिसेस के’ अशा माझ्या अर्ध्या नावापुढे
काहीतरी लिहून ठेवतो.

काल वॉर्फच्या काठाला धुकं इतकं
की बंधाऱ्याचा आवाज होता, बंधारा नव्हता.
सहा फुटांची दोरी तीन फुटांवर पुसलेली.
हातात काहीतरी धरलंय, एवढंच कळत होतं.
मग तो दिव्याखाली आला
आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला दिसलं :
नाक पुढे,
शेपूट पुढच्याच विचारात,
पण डावा कान
अख्खा मागे वळलेला,
माझ्या बुटांवर लावून ठेवलेला.

मी मुद्दाम एक पाऊल चुकवलं. कान हलला.
मी थांबले.
तोही थांबला. न वळता.

फलटणचा शाळेचा रस्ता.
दादा दहा पावलं पुढे, सायकल हातात,
चेन कायमची उतरलेली.
कधी मागे बघायचे नाहीत.
मला त्याचा राग यायचा,
मैत्रिणींचे वडील बोट धरायचे.
एकदा माझ्या चपलेचा अंगठा तुटला.
मी हाक मारली नाही. रुसून उभी राहिले, बस्स.
दादांनी तिकडे तोंड असतानाच
सायकल स्टँडला लावली,
आणि वळले तेव्हा
शर्टाच्या खिशातली पिन
आधीच त्यांच्या हातात होती.

ते गेल्याला सोळा वर्षं झाली.
एवढी साधी गोष्ट
मला एका टेरियरच्या कानात बघावी लागली.

आज मंगळवार. हॉलकडे आम्ही वळलो नाही.
पुलापलीकडे फाटा आला :
एक वाट घराची, एक शेव्हिनच्या चढाची.
मॉरिसनं विचारलं नाही. चढच घेतला.
मी दोरी थोडी सैल सोडली
आणि त्याच्या मागून
जरा बूट आपटत चालले,
ऐकू जावं म्हणून.