नाक्सोस सोडल्यावर

पहाटे वारा पाठीशी होता
आणि स्तामातिस नुसता बोलत सुटलेला:
इंजिनाचं थकलेलं बिल, जावयाचा स्वभाव,
अमोर्गोसला मिळणारा स्वस्त पांढरा रंग.

दुपारी वारा पडला.
शीड ओल्या चादरीसारखं लोंबलं.
एव्हान्थियाने जर्दाळू फोडला,
अर्धा त्याला दिला,
बी स्वतःच्या गालात ठेवली.
तोही गप्प झाला.

मग उत्तरेकडून पाणी काळवंडत आलं,
आधी सुरकुत्या, मग फेस.
"दोर आवळ!"
तिनं तो केव्हाच आवळला होता.
तीस वर्षांत पहिल्यांदा
त्याच्या आवाजात भीती ऐकली तिनं,
आणि का कोण जाणे, बरं वाटलं.

धक्क्याला होडी बांधताना
तिनं बी पाण्यात थुंकली.
"वारा चांगला लागला," तो म्हणाला.
"कुठला?"