ओळ साठ, डेटा

दांडिया बाजारात, फरसाणवाल्याच्या माडीवर,
चपला जिन्यात काढून आम्ही सातजण
एका यंत्रापुढे. पडदा म्हणजे जुना टीव्ही.
खालून गाठियांच्या तळणीचा वास यायचा,
तो कुठल्याच ओळीत लिहिलेला नसे.

फणसेबाई म्हणायच्या, लेट म्हणजे समजा.
समजा, एन बरोबर पाच.
यंत्र वाद घालत नाही, समजतं.
आणि तुम्ही काहीच दिलं नाहीत तर एन शून्य असतो.
रिकामा नव्हे हं. शून्य.

अक्षरं ठेवायची तर नावामागे डॉलर लावायचा.
यावर भद्रेश म्हणाला,
"बेन, आमच्या पोळात तर माणसांच्या नावामागे लावतात."
बाईही हसल्या.
त्यांचा निरंजन तेव्हा ओहायोत होता.

मग रीड आणि डेटा.
आकडे प्रोग्रामच्या पोटातच लिहून ठेवायचे,
स्वल्पविराम देत, एका ओळीत.
कुणाच्या दारात मागायला जायचं नाही.
रीड म्हटलं की पहिला उचलायचा,
पुन्हा म्हटलं की त्याच्या पुढचा.
"माळ ओढल्यासारखं नव्हे," बाई म्हणाल्या,
"माळ फिरून येते. हे रेशनच्या रांगेसारखं."

त्या दिवशी साठाव्या ओळीत त्यांनी सांगितले
चौदा, सतरा, एकवीस, तेहतीस, अठ्ठावन्न.
मला वाटलं, कुणाचे तरी मार्क.
सरासरी काढायची होती.

मी फेरे चुकून सहा लावले.
यंत्राने पाच वेळा निमूट वाचलं
आणि सहाव्यांदा अडून कळवलं,
डेटा संपला, ओळ तीस.

बाई काही बोलल्या नाहीत.
भिंतीवर डेअरीचं कॅलेंडर, त्यात पेन्सिलीचे बारीक गोल.
दोन पानं मागे उलटून
शेवटच्या गोलापासून त्या नखाने चौकटी मोजत आल्या,
सत्तर, एकाहत्तर, ओठांतल्या ओठांत.
खाली सायकलची घंटी वाजली.
टपाल फरसाणवाल्याचं होतं.
"फेरे पाच कर," त्या म्हणाल्या.

उत्तर आलं : अठ्ठावीस पूर्णांक सहा दशांश.
सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं.
बाईंनी नाही.

दुसऱ्या दिवशी रिस्टोर.
एवढा एकच शब्द, की बोट परत पहिल्या आकड्यावर.
"नवीन काही मिळत नाही त्याने," बाई म्हणाल्या,
"तेच पुन्हा पहिल्यापासून वाचता येतं."
खडू शोधायला पर्स उघडली
तेव्हा रबरबँडात निळी विमानपत्रं दिसली,
घड्यांवर विरत आलेली.

तेवढ्यात लाइट गेली.
कॅसेटवर घ्यायचं राहूनच गेलं होतं,
सगळं पुसलं. भद्रेशने शिट्टी मारली.
बाई वारा घ्यायला जिन्यात जाऊन बसल्या.

लाइट आल्यावर त्यांना हाक मारली नाही.
साठावी ओळ मला पाठ होती.
टाइप करत गेले, चौदापासून.