काटा चाळीसवर

मुरार छावणीतल्या एका कर्नलची बदली झाली
आणि त्याचा ड्रायर
आमच्या माधवगंजातल्या मागच्या खोलीत आला.
साडेआठ हजार, हमाली वेगळी.
अकरा दिवस ऊन नव्हतं.
काकांच्या चादरी गॅलरीत दोरीवर धुकं पीत लोंबायच्या,
संध्याकाळी सकाळपेक्षा जड.

चार दिवस बरा चालला.
काल रात्री नऊला लावला,
साडेदहाला फिरत होता,
बाराला फिरत होता.
काटा चाळीसवर.
चष्मा पुसून पाहिलं, चाळीसवरच.

पुस्तिका काढली. कर्नलच्या बायकोने
पेन्सिलीने केलेल्या खुणा होत्या,
नेमक्या या पानावर नव्हत्या.
जाळी साफ केली: मूठभर राखाडी लव,
तिच्यात एक सोनेरी टिकली,
आमच्या घरात कुणी न लावलेली.
दार उघडून हात घातला. ओल्याच. गार.
या दिवसांत सगळंच गार,
त्याचं मला काही वाटलं नाही.
बटणावर एक फटका दिला, जुन्या रेडिओला देतात तसा.
शेवटी चिडून मेन स्विचच पाडला
तर काकांची हवेची गादी बसायला लागली.
पळत जाऊन वर केला.
गादी सुस्कारत फुगली.
ड्रायर आता गप्प होता,
पण चादरी तर ओल्या!
पुन्हा मीच बटण दाबलं.

पहाटे चारला पलीकडून काका म्हणाले,
'मोकळं फिरतंय.'
मला वाटलं, झोपेत.
'सहा चादरी आहेत त्यात,' मी.
'असू देत. ताप नाही त्याला.
कापड वाळत गेलं की आवाज हलका होत जातो.
हा नऊपासून तेवढंच वजन ओढतोय.'

काका बिर्लानगरच्या मिलमध्ये फिटर होते.
धागा तुटायच्या आधी सांगायचे, असं
त्यांचे सोबती सांगत. मी काही पाहिलं नाही.
मिल बंद झाली तेव्हा मी सातवीत,
आणि नंतर घरात त्यांनी
मिक्सरचा स्क्रूसुद्धा कधी फिरवला नाही.

दहाला दौलतगंजातून रामस्नेही कुशवाह आला,
मफलर, मीटर, खिशात गजकाचा पुडा.
मागचा पत्रा उघडला,
दोन टोकांना दोन काड्या टेकवल्या.
मीटर हललं नाही.
'क्वाइल गई, दीदी. ऑटो पे रखी थी न?
जे घड़ी तभी चले है जब भीतर गरम होय.
ठंडे में टेम आगे नईं सरकता.'
भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं त्यानं.
मी चहा टाकला.

पार्ट दिल्लीहून, गुरुवारपर्यंत, अठराशे पन्नास.
तोवर काटा मिनिटांवर लावायचा,
वाळणार नाही, पण थांबेल.
मी म्हटलं, रोग बाबूजींनी रात्रीच ओळखला होता,
पडल्या पडल्या, भिंतीपलीकडून.
तो कप घेऊनच आत गेला.
पट्टा, पुली, कुठलं तेल, असलं काहीबाही ऐकू येत राहिलं.
मग काकांचा आवाज, बऱ्याच महिन्यांनी चढलेला:
'और बेरिंग?'
'बेरिंग बढ़िया है, बाबूजी.'
'नहीं है.'

रामस्नेही बाहेर आला.
रिकामा ढोल हाताने फिरवला,
मफलर सरकवून पत्र्याला कान लावला,
पुन्हा फिरवला.
बोलला काहीच नाही.
पावतीवर फेरीचे दीडशे लिहून खोडले
आणि खाली, कोपऱ्यात, अगदी बारीक,
'बेरिंग'
आणि पुढे एक प्रश्नचिन्ह.

चादरी मी खुर्च्यांच्या पाठीवर टाकल्या, हीटरसमोर.
दर पंधरा मिनिटांनी उलटवते आहे.
आतून विचारणा होते:
'पंखा कसला लावलायस? मघापासून घासतोय.'
मी पंखा लावलेला नाही.
गॅलरीत जाऊन ऐकते.
खाली गल्लीत, धुक्यात कुठेतरी,
कुणाची तरी पिठाची चक्की.