तत्रैव

वसमत रोडला माझं दुकान. पाटीवर लिहिलंय:
प्रबंध सेट करून मिळतील. तळटीपा वेगळ्या.
म्हणजे तळटीपांचे पैसे वेगळे,
पण लोक हसतात, आणि मी पाटी बदलत नाही.
शिक्षण दुसऱ्या वर्षाला सुटलं.
तरी आजवर एकशे चाळीस डॉक्टर
माझ्या हाताखालून गेलेत, नुसते पायाकडून.
वरचा मजकूर मी वाचत नाही.

परवा करुणा हत्तीअंबिरे आल्या, पेन ड्राइव्ह मुठीत.
सोमवारी दाखल करायचं.
घरी एका सॉफ्टवेअरात लिहिलेलं,
गाइडनी दुसऱ्यात उघडलेलं, बसमध्ये मोबाईलवर तिसऱ्यात,
आणि या उघडझापीत
संदर्भांची दोरी कुठंतरी तुटलेली.
नाव हवं तिथं महिरपी कंस, कंसात आकडे,
खळ्यावरून दाणा नेऊन कुणी भुसा ठेवावा तसं.
"हे काय व्हायलंय हो?"
मी म्हणालो, जिवंत टीप मेली की अशी दिसते.

तीनशे बारा टीपा. एकेक धरून पुन्हा बांधायला बसलो.

विषय: परभणी भागातले ज्वारीचे जुने वाण.
तहसीलचे कागद निजामाच्या काळातले,
सन तेराशे सत्तेचाळीस फसली.
सॉफ्टवेअरला फसली ठाऊक नाही,
त्यानं तो कारकून उचलून थेट चौदाव्या शतकात बसवला,
सगळ्यांच्या आधीचा, जणू आद्य ग्रंथकार.
पाचशे नव्वद मिळवले, खाली आणला.
उर्दू शीर्षक उजवीकडून चालत आलं,
पान नंबराला धडकलं, दोघंही उलटे झाले.
औरंगाबाद छापलं होतं तिथं औरंगाबादच ठेवलं.
पुस्तकाचं गाव छापल्या दिवसाचं असतं.

रात्री दोनला तत्रैवापाशी अडलो.

तत्रैव म्हणजे तिथंच. वरच्याचंच.
गाइडनी एक परिच्छेद उचलून अलीकडे आणला होता,
तत्रैव त्याच्यासोबत आलं,
पण त्याच्या वरचा माणूस बदलला.
आता तहसीलदार म्हणत होता:
दगडीला किडा दात लावत नाही,
गूळभेंडी पोरांनी हुरड्यालाच संपवावी,
आणि बियाचं कणीस निवडताना
नवऱ्याला विचारू नये.

तहसीलदार असं म्हणेल?
मी वरचा मजकूर पहिल्यांदा वाचला.

फोन लावला. जाग्याच होत्या.
"ते रहमतबीचंय. पेडगावची."
साल?
वहीत साल नव्हतं. वहीत होतं:
तुरी बडवायच्या दिवशी, उंबऱ्यात बसून.
सॉफ्टवेअर म्हणालं, तारीख अवैध.
प्रकाशक विचारला. आवृत्ती विचारली.
मग आडनाव मिळेना म्हणून
त्यानं बाईला मधोमध मोडलं,
मागचं पुढं घेतलं, स्वल्पविराम ठोकला:

बी, रहमत.

प्रबंध बियाण्यावरचा,
आणि यादीत ब खाली एकटंच ते, बी.
मी बराच वेळ बघत राहिलो.
माऊस हलवला नाही म्हणून स्क्रीन काळी झाली.

करुणाबाईंना वाचून दाखवलं. हसल्या,
मग हसायच्या थांबल्या.
"नको. तिचं नाव अखंड लिहा. र मध्ये."

अखंड लिहिलं. तिच्यावर टेकलेले अकरा तत्रैव होते,
अकराही खोडले,
अकरा वेळा पुरतं नाव टंकलं.
बाहेरचे परीक्षक पुनरुक्ती म्हणतील. म्हणोत.

सकाळी पेन ड्राइव्ह देताना नेहमीचं बोललो,
एक प्रत घरी ठेवा, एक दुसऱ्या कुणाकडं.
त्या म्हणाल्या, टीप दोनशे सत्तर जिथली आहे
तो परिच्छेद वाचलात का?
वाचला होता.
राख चोळून एक मूठ आपल्या मडक्यात,
एक मूठ शेजारणीच्या,
कारण घरची भूक घरच्यांचं ऐकत नाही.
मुलाखत, रहमतबी, पेडगाव.
तुरी बडवायच्या दिवशी.