सात मिनिटांचं अंतर

प्रेमानंद रायबंदर-चोडण फेरीबोटीवर दोर टाकतो
आणि दोन खेपांच्या मधे विज्ञानकथा वाचतो.
म्हणून आमच्या जुळ्यांच्या नावांची यादी
डिझेलच्या हिशेबाच्या मागच्या बाजूला होती.
अल्फा, बीटा.
पोदेर हे ऐकून सायकलवरून पडायचाच राहिला.
धना, ऋणा : विजेचे दोन भार, हा म्हणाला.
म्हटलं, मशीनचे हप्ते अजून फिटायचेत
आणि तू दारात उभा राहून लेकीला
ऋणा, ऋणा म्हणून हाका मारणार?
त्याने ऋणा खोडली. मग धनाही खोडावी लागली.
जोडीच्या नावांचं असंच,
एक टाका उसवला की दुसरा आपोआप हातात येतो.

सातव्या महिन्यात त्याने पलंगाखालची पेटी ओढली
आणि एक दिवाळी अंक काढला, मुखपृष्ठ नसलेला.
त्यात दोघी बहिणी, जुळ्या.
विभा यानात बसून जाते, जवळजवळ उजेडाच्या वेगाने.
निभा बेटावरच्या मनोऱ्यात राहते,
रोज रात्री तिचे संदेश वहीत उतरवून घेते.
विभा परतते तेव्हा तिशीची,
निभा सत्तरीची.
यानाची शिडी खाली येते, दार उघडतं
आणि तिथून पुढे वाळवी.
चार पानं, खाडीच्या नकाशासारखी कुरतडलेली.

मग काय होतं रे?
माहीत नाही. सोळाव्या वर्षापासून शोधतोय,
मडगावच्या रद्दीत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात.
हीच ठेवूया. विभा म्हणजे उजेड.
आणि निभा?
शब्दकोशात बघायला हवं.
नको बघूस, मी म्हटलं. निभावते ती निभा.

बांबोळीला झाल्या, सात मिनिटांच्या अंतराने.
तेवढ्यात फेरी पलीकडे पोचते.
पहिलीच्या पायात काळा दोरा बांधला
आणि आमचं भांडण सुरू झालं.
जाणारी कुठली? राहणारी कुठली?
तो म्हणे, नावंच तर आहेत.
माझ्या पाठची बहीण नऊ वर्षांपूर्वी
पोर्तुगीज कागदांवर स्विंडनला गेली.
व्हिडिओ कॉलवर ती माझ्याहून फार लहान दिसते.
थंड हवा ना, म्हणते.
मी इकडे ब्लाउजांना काजं करते,
तिचं घर झाडून ठेवते, तिच्या माडांचे नारळ मोजते,
आणि फोन बंद झाल्यावर आरशापुढे
जरा जास्तच वेळ उभी राहते.
नावंच तर आहेत!

बारशाला आत्या झाली शशिकला.
तिने दोघींच्या दोन्ही कानांत
दोन्ही नावं सांगितली.
वापरतील आलटून पालटून, म्हणाली,
कपडे वापरतात तशी.
रिवाजापेक्षा चार बुक्के जास्तच बसले तिच्या पाठीत.
पण नोंदणीच्या फॉर्मवर एका ओळीत
एकच नाव मावतं.
आणि त्या सकाळी तेल लावून न्हाऊ घालताना
दोरा कुठेतरी गळून गेलेला,
मोरीत हात घालून शोधला, नाही मिळाला.

फेरीत बसलो, दोघींना दोन मांड्यांवर घेऊन.
मधल्या पाण्यात दुसरी फेरी समोरून आली,
मोटारसायकली, माशांच्या टोपल्या,
कठड्याला रेललेला एक म्हातारा.
जाते ती कुठली रे, आणि येते ती कुठली?
तू कुठल्या धक्क्यावर उभी आहेस
त्यावर आहे ते,
प्रेमानंद म्हणाला
आणि दोर सोडायला पुढे गेला.

काउंटरवरच्या माणसाने पेन पुढे केलं.
एक झोपली होती.
दुसरी खिडकीकडे बघत होती, उन्हाकडे,
उजेड प्रथमच पाहिल्यासारखी.

झोपलेलीला मी विभा लिहिलं.
मान वर केली, तर दुसरी
आता माझ्याकडे बघत होती.